विहिरीत नायट्रेट उतरतं कुठून? या चुका टाळा

नायट्रेट म्हणजे नत्राचं (नायट्रोजनचं) पाण्यात विरघळणारं रूप. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीचं पाणी ग्लासात नितळ दिसतं, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पेरणीलाच सगळा युरिया देऊन मोकळं होणं. रोपाची मुळं तेव्हा बोटभर, ती उचलणार किती? जमिनीतले जिवाणू काही दिवसांत त्या युरियाचं नायट्रेट करतात. मातीच्या कणांवर ऋण भार, नायट्रेटवरही ऋणच. माती त्याला धरून ठेवत नाही. मोठा पाऊस झाला किंवा पाटाने रान तुडुंब भरलं की ते मुळांच्या खाली गेलंच. युरियातलं तेच नत्र तीन-चार हप्त्यांत, पीक जोरात वाढत असताना, मातीआड करून द्या आणि वर हलकं पाणी. रेताड जमिनीत हप्ते आणखी लहान ठेवा. पिकाला काळोखी (गर्द हिरवा रंग) आहे तरी सवयीने आणखी एक हप्ता टाकतात, तो तर टाळाच.

पाण्यातलं नत्र हिशोबात कुणी धरत नाही. लिटरला 50 मिलिग्रॅम नायट्रेट असलेलं पाणी हेक्टरभर 100 मिलिमीटर दिलं, म्हणजे 10 लाख लिटर, तर त्यातून सुमारे 11 किलो नत्र जातं. जवळपास 25 किलो युरियाचं काम! शेणखतातलं आणि आधीच्या कडधान्याने जमिनीत सोडलेलं नत्रही असंच खताच्या मात्रेतून वजा करा. शेणखत सेंद्रिय असलं तरी जास्तीचं नत्र झिरपतंच. उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला नको. काढणीनंतर रान उघडं न ठेवता आच्छादन पीक घ्या, ते उरलेलं नत्र उचलतं.

पाणी तपासणीच्या अहवालात ‘20’ वाचून निश्चिंत होऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 50 मिलिग्रॅम आहे ती नायट्रेटची. अहवालात ‘नायट्रेट-नायट्रोजन’ (नायट्रेटमधल्या फक्त नत्राचं वजन) लिहिलं असेल तर 20 म्हणजे सुमारे 89 मिलिग्रॅम नायट्रेट.

पाणी उकळणं हा उपाय नाहीच. पाणी आटतं, नायट्रेट उलट दाट होतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ वरच्या दुधावर असेल, तर असलं पाणी त्यात मुळीच वापरू नका. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, ओठ-नखं निळसर पडतात.

खत आवरलं तरी आकडा उतरत नाही? खोल विहिरीत जुनं नायट्रेट वर्षानुवर्षं पाझरत राहतं. दरवर्षी त्याच महिन्यात पाण्याचा नमुना तपासा आणि खत हप्त्यांतच देत राहा.