जुन्या शिडाच्या बोटीसाठी डेकचं सामान: पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही

जुनी बोट हातात आली की पहिल्या महिन्यात बहुतेक जण एकच चूक करतात, मी पण केली, रात्री चकचकीत सामानाचे फोटो बघत बसायचं आणि आवडेल ते मागवायचं. तसं करू नका. आधी वही आणि मोजपट्टी घेऊन डेकवर बसा, प्रत्येक वस्तूच्या बोल्टच्या भोकांमधलं अंतर मोजा, कारण नवीन क्लीट (दोर गुंडाळून बांधायचा दोन शिंगांचा खुंटा) जुन्या भोकांवर नीट बसला तर अर्धं काम वाचतं, नाही बसला तर जुनी भोकं बुजवा, नवीन पाडा, आणि जितकी भोकं तितक्या गळायच्या जागा. जुन्या बोटी बऱ्याचदा इंचाच्या मापातल्या असतात, नवीन सामान मिलिमीटरचं, दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा नडतो.

मग यादी दोन भागांत तोडा. जे तुटलं तर बोट सुटेल किंवा माणूस पाण्यात जाईल ते एकीकडे, म्हणजे बोट बांधायचे क्लीट, शीटचे, म्हणजे शीड ओढून धरायच्या दोराचे ब्लॉक (कप्प्या), कठड्याचे खांब, हार्नेस (अंगावर बांधायचा सुरक्षेचा पट्टा) अडकवायचे पॅडआय, म्हणजे डेकला बोल्टने बसवलेल्या कड्या. इथे कंजुषी नाही. बाकी, झेंड्याच्या दोरीचा क्लीट, दोर गुंडाळून अडकवायचे हुक वगैरे, जे स्वस्तात मिळेल ते घ्या.

आता स्टील. स्टेनलेस म्हटलं की गंजणार नाही असं आपल्याला वाटतं. माझ्या पहिल्या स्वस्त क्लीटखालून तीन महिन्यांत पांढऱ्या डेकवर चहा सांडल्यासारखे ओघळ उतरले, विकणाऱ्याने ग्रेड लिहिलीच नव्हती आणि मी विचारली पण नव्हती. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ ग्रेड बघा, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ३०४ मध्ये ते नसतं. लोहचुंबक लावून बघा असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या, त्याने ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही. बोल्ट मात्र स्वतःच बोलतो, डोक्यावर ए४ कोरलेलं असेल तर ३१६ च्या जातीचा, ए२ असेल तर ३०४ च्या. कांसं उत्तम, जुनं असलं तरी डोळे झाकून घ्या. साधं पितळ नको, खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबीसर दिसायला लागतो आणि मग ठिसूळ होतो.

मापाचं सोपं गणित, क्लीटची लांबी दोराच्या जाडीच्या साधारण १६ पट, म्हणजे १२ मिमी दोराला २०० मिमीच्या आसपास. ब्लॉक घेताना वर्किंग लोड बघा, म्हणजे रोजच्या वापरात सुरक्षितपणे पेलेल तो भार, जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो बऱ्याचदा ब्रेकिंग लोड, म्हणजे ज्याला ब्लॉक तुटतो तो. आणि दोर ब्लॉकमधून पूर्ण उलटा वळत असेल तर ब्लॉकवर दोराच्या दुप्पट ताण येतो, काटकोनात वळला तरी १.४ पट.

विंच (दोर ओढायला हाताने फिरवायचं यंत्र) मात्र नवीन घेऊच नका, निदान बजेट कमी असेल तर. चांगल्या कंपनीचा वापरलेला विंच स्वस्तातल्या नव्यापेक्षा कधीही बरा, फक्त त्याचे स्पेअर पार्ट अजून मिळतात का ते आधी बघा. हातात आला की ड्रम, म्हणजे दोर गुंडाळायचा भाग, घड्याळाच्या दिशेने हळू फिरवा, बारीक टिकटिक ऐकू यायला हवी, उलटा फिरता कामा नये. टिकटिक बसल्यासारखी वाटली तर घाबरू नका, बहुतेक वेळा आत जुनं ग्रीस गोंदासारखं झालेलं असतं आणि पॉल (ड्रम उलटा फिरू न देणारे खटके) चिकटलेले असतात, रॉकेलमध्ये धुतले की सुटतात, स्प्रिंग बदलायला फार खर्च नाही. पण ड्रम वर-खाली, डावी-उजवीकडे जास्त हलत असेल किंवा गिअरचे दात झिजलेले असतील तर राहू द्या. क्रोम उडालंय म्हणून भाव पाडून मागा, चालतंय ते.

आता वाचलेले पैसे डेकच्या खालच्या बाजूला घाला, ते कोणाला दिसत नाही म्हणून सगळे तिथेच काटकसर करतात. डेकच्या थरांमध्ये बाल्सा (एक हलकं लाकूड) किंवा प्लायवूड असेल तर भोक मोठं पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातून बोल्टचं भोक पाडा, म्हणजे पाणी लाकडात शिरत नाही. खालून नटांखाली जाड बॅकिंग प्लेट, म्हणजे ताण पसरवणारी पट्टी. वर, सामान आणि डेकच्या मध्ये, ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी मऊ चिकट पट्टी), सिलिकॉन नको, आणि पॉलियुरेथेनच्या गोंदाने चिकटवलं तर पुढच्या वेळी काढताना डेकचा तुकडा हातात येईल. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट जात असेल तर मध्ये इन्सुलेट करणारी पेस्ट लावा, नाहीतर ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

आवळताना वर एकाने बोल्ट घट्ट धरून ठेवायचा, नट खालून फिरवायचा, बोल्ट फिरला की टेपचं सील फाटतं. दुसऱ्या दिवशी परत थोडं आवळा, कडेने टेप बाहेर आलेला दिसेल, तो कापून टाका. मग वर कोणाला तरी पाण्याचा पाइप देऊन तुम्ही खाली जा आणि प्रत्येक नटाला कोरडा टिश्यू पेपर टेकवून बघा.