काँक्रीटच्या डंबेलमध्ये पाइप फिरतो, खडखडतो: शेवटी काय लागू पडलं

लक्षण: दोन-तीन आठवडे नीट, मग वजन उचलताना पाइप काँक्रीटमध्ये हळूच फिरतो, बुडाशी पांढरी पूड गळते. फटीत इपॉक्सी भरलं, ते महिन्याभरात सुटलं. नव्या पाइपला खरकागद मारून ओतलं, तरी तेच. दोन डंबेल फोडून टाकावे लागले, फार जिवावर आलं.

कारण साधं आहे. गुळगुळीत गोल पाइपला काँक्रीट नुसतं चिकटतं, अडकत नाही. पीळ बसला की ती पकड सुटते. म्हणून अडकवणारं काहीतरी आत हवंच.

आधी पाइपच्या टोकापासून 3 आणि 6 सेंमीवर, एकमेकांना काटकोनात, आरपार भोकं पाडा. त्यांतून 8 मिमी जाडीचे, 10 सेंमी लांबीचे बोल्ट घालून दोन्ही बाजूंनी नट आवळा. बोल्टचं टोक साच्याच्या भिंतीपासून किमान 3 सेंमी आत राहू द्या, नाहीतर तिथूनच तडा जातो.

मिश्रण: सिमेंट 1, वाळू 2, बारीक खडी 2. पाणी सिमेंटच्या वजनाच्या निम्मं. पातळ केलंत तर ताकद गेली. 4 लिटर काँक्रीट साधारण साडेनऊ किलो भरतं. ओतताना साचा बाहेरून ठोकत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. पाइप ओळंब्यात धरून आडव्या पट्टीला बांधा.

सात दिवस ओलं गोणपाट. मग उलटं करून, वरचं वजन लाकडी चौकटीवर टेकवून, दुसरं टोक तसंच. वापर 28 दिवसांनंतरच.