जुन्या अँबॅसडरचं ऑइल प्रेशर पडतंय? इंजिन उतरवण्याआधी हे तपासा

पसरणी घाट चढून पाचगणीत गाडी थांबवली की आयडलिंगला ऑइल प्रेशरचा काटा तळाला येतो, लाल दिवा लुकलुकायला लागतो. अशा वेळी "बेअरिंग गेले, इंजिन खोला" हा सल्ला लगेच मिळतो. बेअरिंग गेलेले असूही शकतात. पण त्याआधी तपासायच्या चार-पाच गोष्टी फार स्वस्तात होतात, आणि बऱ्याचदा दोष त्यातल्याच एखादीत सापडतो. एक अपवाद लक्षात ठेवा. चालत्या गाडीत दिवा पूर्ण पेटून राहिला किंवा खालून ठोका ऐकू आला, तर इंजिन तिथेच बंद करा आणि गाडी टो करून आणा.

सुरुवात डिपस्टिकपासून. लेव्हल बघाच, पण ऑइलचा वासही घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि न भरताच लेव्हल वाढली असेल, तर कॅमवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फाटलाय किंवा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय. असं पातळ झालेलं ऑइल प्रेशर धरत नाही. आधी गळती बंद करा, मग ऑइल आणि फिल्टर बदला. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. हेड गॅस्केट बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्याला, विशेषतः सांगली-मिरजेच्या एप्रिल-मेला, जुन्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ग्रेडचं ऑइल ठीक चालतं. प्रेशर वाढावं म्हणून त्याहून जाड ऑइल किंवा बाटलीतलं घट्ट औषध घालू नका. काटा वर दिसतो, पण सकाळी थंड इंजिनात तेच ऑइल टॅपेटपर्यंत उशिरा पोचतं आणि झीज वाढते.

आता दिवा. प्रेशर नसताना स्विच वायरला अर्थ देतो, म्हणून दिवा पेटतो. चालू इंजिनात दिवा पेटलेला असताना स्विचची वायर काढा. तरीही दिवा पेटून राहिला तर वायर बॉडीला कुठेतरी लागलीय. विझला तर वायर बरोबर आहे. मग एकतर स्विच खराब आहे, नाहीतर प्रेशर खरोखरच कमी आहे. हा निकाल फक्त मेकॅनिकल गेज देतो. ० ते १०० पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचाला पौंड, दाबाचं एकक) गेज घ्या, स्विचच्या भोकाचे आटे जुळणारा अडॅप्टर बसवा आणि रीडिंग थंड व गरम दोन्ही वेळा लिहून ठेवा. गरम म्हणजे खरंच गरम: यवतेश्वरचा घाट चढून आल्यावरचं, गॅरेजच्या दारात पाच मिनिटं चालवलेलं नव्हे. १४८९ सीसीच्या इंजिनाला गरम असताना रस्त्यावर ५० पीएसआयच्या आणि आयडलिंगला १५ च्या आसपास मिळालं तर चिंता नाही. दुसऱ्या गाडीसाठी मॅन्युअल बघा. ते नसेल तर दर १००० आरपीएमला किमान १० पीएसआय हा अंदाज पुरतो.

काटा कसा वागतो त्यावरून दोष कळतो. थंड असताना चांगलं आणि गरम झाल्यावर आयडलिंगला पडतं, म्हणजे बेअरिंग किंवा पंप झिजलाय. थंड-गरम दोन्हीत कमी आणि ॲक्सिलरेटर दिला तरी चढत नाही, तर संशय रिलीफ व्हॉल्व्हवर, म्हणजे जादा प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेवर. वळणावर किंवा चढावर काटा थरथरतो तेव्हा पंप हवा ओढतोय: लेव्हल कमी, गाळणी चोंदलेली किंवा सक्शन पाइप सैल. थंड इंजिनात प्रेशर थोडं जास्त असणारच; पण गरम झाल्यावरही ते खूप जास्त राहिलं तर व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकलाय.

रिलीफ व्हॉल्व्ह ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे, घुमटाकार नटाखाली असतो. इंजिन बंद करून नट काढा, स्प्रिंग आणि प्लंजर बाहेर घ्या. प्लंजरवर ओरखडे आहेत का आणि बसायच्या जागेवर कचरा आहे का ते बघा. एवढासा कण अडकला तरी ऑइल परत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) जातं. स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून लांबी ताडा. आखूड झाली असेल तर बदला. स्प्रिंग ताणणं किंवा मागे वायसर घालणं ही गॅरेजमध्ये सर्रास चालणारी युक्ती आहे, आणि ती वाईट आहे. व्हॉल्व्ह फक्त वरची मर्यादा ठरवतो. झिजलेल्या बेअरिंगमुळे आयडलिंगला पडलेलं प्रेशर त्याने वाढत नाही, उलट थंड इंजिनात फिल्टर आणि गॅस्केटवर ताण येतो.

इथवर दोष सापडला नाही तर चेंबर उतरवा. गाळणी रॉकेलने धुवा. वर्षानुवर्षं साचलेला गाळ असेल तर फ्लशिंग ऑइल घालून इंजिन चालवू नका. सुटलेला गाळ थेट गाळणीत जाऊन बसतो. पंप खोलून फीलर गेजने मोजा: रोटर आणि बॉडीमधली फट १० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), दोन रोटरच्या टोकांमधली ६ थाऊ, वरच्या कडेची ५ थाऊ. याहून जास्त भरलं तर पंप बदला.

बेअरिंगची फट प्लास्टिगेजने मोजा; ही मऊ प्लास्टिकची तार असते, ती दाबून किती चपटी झाली त्यावरून फट कळते. दोन इंची जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागाला) दोन थाऊच्या आसपास फट ठीक. तीनच्या पुढे गेली की प्रेशर टिकत नाही. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग घालताना कॅमशाफ्टचे बुश नक्की तपासून घ्या. नवे बेअरिंग घालूनही प्रेशर येत नाही अशी तक्रार असते, तेव्हा बऱ्याचदा हे बुशच जुने राहिलेले असतात. ब्लॉक धुताना काढलेला ऑइल गॅलरीचा (ब्लॉकमधल्या ऑइलच्या मार्गाचा) प्लग परत बसवायचा राहिला, तरी तसंच होतं.

पंप कोरडा बसवू नका. आत व्हॅसलीन भरा, ग्रीस नको, आणि फिल्टरमध्ये ऑइल ओता. चारही स्पार्क प्लग काढून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये त्याला थोडा दम द्या. गेज हलल्यावरच प्लग लावून इंजिन सुरू करा. सुरू झाल्यावर दहा-पंधरा सेकंदांत प्रेशर आलं नाही तर लगेच बंद करा. पहिलं ऑइल ५०० किलोमीटरला बदला.