गोल्डफिशच्या टाकीला हीटर लावावा का?

गोल्डफिश हा थंड पाण्यातला मासा. बहुतेक टाक्यांना हीटर लागतच नाही, उलट उकाड्यातच या माशाचे जास्त हाल होतात. लांबट अंगाच्या कॉमन आणि कॉमेट जातींचे मासे १० ते २४ अंश सेल्सिअसमध्ये मजेत राहतात. ओरांडा, रांचू, ब्लॅक मूर अशा गोलमटोल जातींना १८ ते २३ अंश मानवतं.

हीटर घेण्याआधी आठवडाभर पहाटे आणि दुपारी तापमान लिहून ठेवा. थर्मामीटर पाण्यात बुडणारा हवा; काचेला बाहेरून चिकटवायच्या पट्टीवर खोलीच्या हवेचाही परिणाम होतो. दिवसरात्रीत तीन अंशांहून जास्त चढउतार होत असेल, किंवा गोल जातींचं पाणी १६ अंशांखाली जात असेल, तरच हीटर लावा.

पाणी खोलीपेक्षा ५ अंश गरम ठेवायचं तर लिटरमागे साधारण १ वॅट धरा. दोन-तीन अंशांसाठी निम्मा पुरतो. गरजेपेक्षा मोठा हीटर घेऊच नका: थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला हीटर बंद करणारा भाग) चालू अवस्थेत अडकला तर तो छोट्या टाकीतलं पाणी काही तासांत माशांच्या जिवावर बेतेल इतकं तापवतो. २५-२६ अंशांवर कायमचा बसवलेला हीटरही नको, १८-२० वर लावता येईल असा घ्या.

तो फिल्टरच्या पाण्याच्या झोतात बसवा, रेतीत पुरू नका, आणि पाण्याची पातळी त्यावरच्या खुणेखाली जाऊ देऊ नका. पाण्यात ठेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून मगच प्लग लावा. सुरुवात आहे त्या तापमानापासून करा आणि रोज एकेक अंश वाढवा. मोठे गोल्डफिश धडका देतात, म्हणून जाळीचं कव्हर हवंच. पाणी बदलायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी हीटर बंद करा. तापलेली नळी उघडी पडली आणि तिच्यावर गार पाणी आलं की काच तडकते.

उन्हाळ्याची काळजी मात्र सगळ्यांनाच घ्यावी लागते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. त्याच वेळी माशाची ऑक्सिजनची गरज वाढते आणि माशांच्या अंगातून पाण्यात सुटणारा अमोनियाही जास्त विषारी होतो. मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून घुटके घेऊ लागले की लगेच एअर पंप सुरू करा. टाकीवरचा दिवा बंद ठेवा, ऊन येत असेल तर आडोसा करा, झाकण काढून जाळी घाला आणि पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. आटलेलं पाणी क्लोरीन काढलेल्या पाण्याने भरा. बर्फ टाकू नका, त्या झटक्याने मासा आजारी पडतो. खाणं कमी करा.

थंडीत पाणी १० अंशांखाली गेलं तर खाणं पूर्ण थांबवा. पचन इतकं मंदावतं की अन्न पोटात तसंच राहतं. पाणी बदलताना नवं पाणी हाताने चाचपून बघू नका, थर्मामीटरनेच मोजा. टाकीतल्या पाण्याशी एक-दोन अंशांचाच फरक चालतो.