शाळेच्या खरेदीला पेठांत जाताना

जूनच्या तोंडावर वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट असं सगळं एकाच दिवसात उरकायचं असेल, तर पुण्यात गाडी घरीच ठेवा. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो थेट मंडईपर्यंत येते. तिथून तुळशीबाग, लक्ष्मी रोड, अप्पा बळवंत चौक सगळं पायी होतं. वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्थानकात मेट्रो बदलायची.

आधी अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं. यादी दुकानात द्यायची आणि रिकाम्या हातांनी पुढे निघायचं. गठ्ठा परतताना घ्यायचा. फक्त दुकान दुपारी उघडं असतं ना, ते विचारून घ्या. एक ते चार शटर ओढणारे पेठांत अजून आहेत आणि त्यांच्याशी हुज्जत घालून कोणाचं भलं झालेलं नाही.

खरा घोळ बुटांचा. मूल सोबत येणार नसेल तर नुसता जुन्या बुटाचा नंबर सांगू नका. आदल्या संध्याकाळी मोजे घालून त्याला जाड कागदावर उभं करा (बसवून नको, अंगाचा भार पडला की पाऊल पसरतं) आणि पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलांभोवती रेघ मारा. एक पाऊल बहुधा किंचित मोठं निघतं. माप त्याचंच धरायचं. तो आकार कापून पिशवीत टाका. दुकानात बुटात सरकवून बघा: कागद कडेला दुमडला तर बूट अरुंद, आणि पुढे आपल्या हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरायलाच हवी.

मंडईतली भाजी सगळ्यात शेवटी. कोथिंबीर पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली जाऊ देऊ नका.