पावसाळ्याआधी बारा बोअरच्या काडतुसांची तपासणी आणि साठवण

शेतीच्या रक्षणासाठी परवान्याची दुनळी किंवा एकनळी बाळगणाऱ्या घरांत बंदुकीला वेळच्या वेळी तेल लागते, पण काडतुसांचा डबा मात्र कपाटाच्या तळाशी, जुन्या सातबाऱ्यांच्या आणि पावत्यांच्या गठ्ठ्याखाली वर्षानुवर्षे तसाच पडून असतो. वास्तविक बंदुकीपेक्षा काडतूस अधिक नाजूक असते. मे महिन्याच्या अखेरीस, हवा कोरडी असतानाच, एक सकाळ केवळ या कामासाठी राखून ठेवावी, आणि त्या वेळी बंदूक खोलीत नसावी. बंदूक आणि काडतुसे एकाच टेबलावर आली की माणसाला ‘जरा घालून पाहावे’ असा मोह होतोच.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. अमेरिकेसारख्या देशांत उडवलेली काडतुसे घरी पुन्हा भरण्याचा, इतकेच नव्हे तर शिसे ओतून त्यांच्या गोळ्याही घरीच तयार करण्याचा छंद पुष्कळ लोक उघडपणे जोपासतात, आणि त्याची चित्रफीत पाहून आपल्याकडच्याही एखाद्या परवानाधारकाला उत्साह येतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार त्या कामाचा परवाना नसताना दारूगोळा तयार करता येत नाही, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस तयार करण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याची किमान शिक्षा ७ वर्षांची झाली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी काडतुसातील दारू, टोपी (आघात होताच पेटून दारू पेटवणारी बुडातली लहान वाटी), मधला गट्टा (दारू आणि छर्रे यांच्यामधले बूच) आणि छर्रे यांचे प्रमाण एकमेकांशी बांधलेले असते. त्यातले एक बदलले तर दाब किती चढेल हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून बंद काडतूस उघडायचे नाही, छर्रे काढून त्यांच्या जागी गोळी बसवायची नाही, आणि छर्रे मेणाने जखडण्याचा जुना शिकारी प्रकारही करायचा नाही. आपले काम निवडण्याचे, जपण्याचे आणि वेळीच बाद करण्याचे आहे.

डबा रिकामा करून सर्व काडतुसे बूड खाली करून सपाट टेबलावर रांगेत उभी करावीत, आणि आधी फक्त त्यांच्याकडे बघावे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची जुनी कागदी नळीची काडतुसे अजूनही काही घरांत सापडतात. ओलाव्याने कागद फुगला की ते काडतूस रांगेतील शेजाऱ्यापेक्षा पोटाशी किंचित जाड दिसते आणि बोटाने दाबल्यास तिथला कागद मऊ लागतो. फुगलेले काडतूस बंदुकीच्या नळीत अर्धवट जाऊन अडते, आणि मग ते अंगठ्याने रेटण्याची किंवा बंदूक जोराने मिटण्याची चूक घडते. प्लास्टिकची नळी फुगत नाही, पण तिच्याही तोंडाची घडी सैल होते आणि घडीच्या मधोमध बारीक भोक पडून छर्रे दिसू लागतात. फुगलेली आणि घडी सैल झालेली, अशी दोन्ही काडतुसे बाद समजावीत.

त्यानंतर प्रत्येक काडतूस उलटे करून बूड पाहावे. पितळेवर नुसता काळपट डाग असेल तर कोरड्या सुती फडक्याने पुसून तो जातो. हिरवट जंगाल मात्र वेगळी गोष्ट आहे: ते टोपीच्या कडेने चढले असेल, किंवा नखाने खरवडल्यावर खाली खड्डा लागत असेल, तर ओलावा आतपर्यंत गेला असे धरून चालावे. टोपी बुडाच्या पातळीपेक्षा वर आलेली असेल तर ते काडतूस हलक्या हाताने वेगळे ठेवावे, कारण बंदूक मिटतानाच तिच्यावर दाब येऊ शकतो. पॉलिश, चिंच, लिंबू यांपैकी काहीही पितळेला लावू नये; आणि काडतुसाला चुकूनही तेल लावू नये, कारण पातळ तेल टोपीच्या फटीतून आत झिरपते आणि टोपी मरते. याच कारणासाठी बंदुकीला तेल दिल्यानंतर काडतूस बसण्याची जागा कोरड्या फडक्याने पुसून घेणे आवश्यक असते.

आता मापाकडे वळू, कारण सर्वांत मोठी फसगत इथे होते. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातील एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी, असा या आकड्याचा मूळ अर्थ आहे, आणि तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. आकडा वाढेल तशी नळी बारीक होते. त्यामुळे वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत सरकून पुढे जाऊन अडकते आणि मागून पाहणाऱ्याला नळी रिकामी वाटते. मग तिथे बारा बोअरचे काडतूस घालून चाप ओढला की नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे बहुधा पिवळ्या रंगाची करतात ती यासाठीच. घरात दोन्ही मापांच्या बंदुका असतील तर डबे वेगळे असून भागत नाही, कपाटेही वेगळी असावीत.

दुसरी फसगत लांबीची. काडतुसावर छापलेली ६५ किंवा ७० मिलिमीटर ही लांबी बार उडून तोंडाची घडी उघडल्यानंतरची असते. न उडवलेले ७० मिलिमीटरचे काडतूस त्याहून बरेच आखूड असल्यामुळे ६५ मिलिमीटरच्या जुन्या बंदुकीत ते अगदी सहज बसते, कुठेही अडत नाही, आणि बार उडताना घडी उघडायला पुढे जागाच न उरल्याने दाब धोकादायक वाढतो. ‘बसले म्हणजे चालते’ हे इथे सपशेल खोटे ठरते. आजोबांच्या काळातील विलायती बंदुकीच्या नळीखाली कोरलेले आकडे परवानाधारक बंदूक दुरुस्ती कारागिराकडून वाचून घ्यावेत, आणि नळीवर पिळाची नक्षी दिसत असेल, म्हणजे ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली असेल, तर आजची काडतुसे तिच्यात घालूच नयेत.

निवडलेली काडतुसे घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, त्यांच्या मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यांसह ठेवावीत, आणि सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. कातडी पट्ट्यात ती कधीही ठेवू नयेत. पट्टा रुबाबदार दिसतो खरा, पण कातडे ओलावा धरते आणि पितळेवर जंगाल सर्वांत लवकर तिथेच चढते. डबा पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर, चुलीच्या भिंतीशी किंवा उन्हातील गाडीत ठेवू नये. एका निवडणुकीच्या वेळी मी बंदुकीसोबत काडतुसेही पोलीस ठाण्यात जमा केली होती. दोन महिन्यांनी परत मिळाली तेव्हा पुठ्ठ्याचे खोके हातात धरताच तळातून सुटले आणि पंचवीसपैकी नऊ बाद करावी लागली. तेव्हापासून जमा करताना ती मी डब्यासकट देतो आणि पावतीवर संख्येबरोबर डब्याचीही नोंद करून घेतो.

एवढे करूनही बार फुकट जाऊ शकतो. चाप ओढून काहीच झाले नाही तर बंदूक सुरक्षित दिशेला रोखून किमान ३० सेकंद, मी तर पूर्ण मिनिटभर, थांबावे, कारण काही वेळा बार उशिरा पेटतो. आवाज फुसका आला आणि खांद्याला नेहमीचा धक्का बसला नाही, तर बंदूक उघडून, काडतूस काढून, मागच्या बाजूने नळीत आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. गट्टा आत अडकला असेल तर पुढचा बार त्यावर जाऊन आदळेल. पावसाळ्यात भिंतीला टांगलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करते, तेव्हा पहिल्या बाराआधीही हा उजेड पाहिलाच पाहिजे.

बाद काडतुसे जाळू नयेत, पुरू नयेत, विहिरीत टाकू नयेत. ती मोजून, वेगळ्या पिशवीत घालून, परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात द्यावीत, लेखी पोच घ्यावी आणि ती परवान्याच्या प्रतीला टाचून ठेवावी. जुन्या काडतुसांवर शिशाची भुकटी असते, त्यामुळे शेवटी हात साबणाने धुवावेत, आणि डब्याच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने तपासणीची तारीख व शिल्लक संख्या लिहून मगच त्याला कुलूप लावावे.