मध्ययुगीन युरोपीय शहराची सनद कशी वाचावी?

इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य दर वर्षी हमखास भेटते : 'मध्ययुगात युरोपातील शहरांना स्वातंत्र्य मिळाले व तेथे लोकशाही सुरू झाली.' या वाक्यातील 'मिळाले' आणि 'लोकशाही' हे दोन्ही शब्द चुकलेले असतात. दोष विद्यार्थ्याचा कमी आणि विषयाला हात घालण्याच्या क्रमाचा जास्त असतो. राजे, पोप आणि धर्मयुद्धे यांच्या वाटेने शहरात शिरले की शहर दिसतच नाही. म्हणून सुरुवात शहराच्या सनदेपासून करावी. लातूर किंवा जालन्यासारख्या अडतीच्या गावात वाढलेल्या मुलाला ही वाट उलट सोपी जाते.

सनद वाचताना आधी जागा आणि तिचे भाडे शोधावे. 1120 साली झेरिंगेन घराण्यातील कोनराडने आपल्या जमिनीवर जर्मनीतील फ्रायबुर्ग ही पेठ वसवली. आजूबाजूच्या व्यापाऱ्यांना बोलावून प्रत्येकाला घरासाठी 100 फूट लांब व 50 फूट रुंद जागा नेमून दिली आणि तिचे भाडे वर्षाला एक शिलिंग ठरवले, तेही संत मार्टिनच्या सणाला भरायचे. महाविद्यालयाच्या मैदानावर फक्की टाकून ही जागा एकदा आखून पाहावी. आजच्या फुटाने धरली तर ती साडेचार गुंठ्यांच्या वर भरते, आणि वीस बाय तीसच्या प्लॉटात राहणारी मुले तिच्याकडे पाहतच राहतात. भाडे रोखीत, ठरलेले आणि वर्षातून एकदा, याचा अर्थ वेठबिगार नाही. शिवाय रहिवाशांनी निवडल्याखेरीज दुसरा न्यायाधिकारी किंवा धर्मगुरू त्यांच्यावर बसवणार नाही, असेही कोनराडने मान्य केले. आपल्याकडे नवी पेठ वसवताना शेटे-महाजनांना जकातीची सूट देऊन जो कौल दिला जाई, तो येथे आठवावा. मात्र वरचा अधिकारी निवडण्याचा हक्क त्या कौलात शोधू नये.

यानंतर मोकळीक आणि स्वराज्य या दोन गोष्टी वेगळ्या करून घ्याव्यात, कारण बहुतेक गोंधळ येथेच होतो. फ्रान्समधील लोरिस या गावाला सातव्या लुईने 1155 साली दिलेली सनद पाहावी. घर आणि त्यासोबतच्या एक आर्पेंट (जमिनीचे जुने फ्रेंच माप) जमिनीला सहा दनिए (लहान नाणी) एवढाच सारा होता. तसेच, कोणाचाही दावा न येता जो वर्ष आणि एक दिवस लोरिसमध्ये राहील, त्याला पुढे मोकळेपणाने राहू द्यावे, असे कलम होते. पळून आलेल्या भूदासाला, म्हणजे धन्याच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्याला, हे कलम केवढे मोलाचे वाटत असेल, हे सांगायला नको. पण लोरिसला स्वतःचे कारभारी मंडळ नव्हते. कारभार राजाच्या अधिकाऱ्याकडेच राहिला. अशा गावाला उत्तरात 'स्वशासित' म्हणू नये.

स्वराज्य पाहायचे असेल तर शपथ शोधावी. 'कम्यून' म्हणजे एकमेकांना साथ देण्याची शपथ घेतलेले नागरिक. तिची किंमत काय होती, ते फ्रान्समधील लाँ शहरात फार जवळून दिसते. तेथील बिशप गोद्री याने पैसे घेऊन कम्यूनला मान्यता दिली होती आणि राजा सहाव्या लुईनेही पैसे घेऊन ती कायम केली होती. 1112 च्या ईस्टरला राजा शहरात आला, तेव्हा बिशपला कम्यून मोडायची होती. ती टिकावी म्हणून नागरिकांनी राजाला 400 पौंड देऊ केले. बिशपाच्या बाजूने 700 पौंडांची बोली आली. सौदा 700 वर पक्का झाला आणि कम्यून मोडली गेली. पुढे 25 एप्रिलला 'कम्यून! कम्यून!' असा ओरडा करत जमाव चालून गेला. नोकराच्या कपड्यांत तळघरातील पिंपात लपलेल्या बिशपला बाहेर ओढून ठार करण्यात आले. शहराला नवी सनद मिळायला 1128 साल उजाडले. 'मिळाले' हा शब्द खोडायला मी सांगतो, तो या बोलीमुळे. लंडनच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवले तरी पुरे, की दर वर्षी महापौर निवडण्याचा हक्क राजा जॉनने मे 1215 मध्ये, उमराव उठलेले असताना, म्हणजे गरजेपोटीच दिला.

शेवटी मंडळात कोण बसते हे पाहावे, आणि येथे वेळ घ्यावा. इटलीतील फ्लॉरेन्स समजून घेण्यासाठी आपल्या बाजार समितीची निवडणूक डोळ्यांसमोर आणावी. तेथे व्यापारी-अडत्यांचा मतदारसंघ वेगळा असतो, हमाल-मापाड्यांचा वेगळा. ज्याचे नाव ज्या यादीत, त्याचे मत तेथे. फ्लॉरेन्समध्ये ही यादी म्हणजे व्यवसाय संघांची नोंदवही होती. सात मोठे आणि चौदा लहान असे एकवीस संघ होते, आणि संघात नाव नसलेल्याला शहराच्या मुख्य पदांची वाट बंद होती. चौदाव्या शतकात पात्र ठरलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या थैल्यांत घालून ठेवत आणि वेळ आली की त्यांतून सोडत काढत. निवडलेले अधिकारी फक्त दोन महिने पदावर राहत आणि तेवढे दिवस राजवाड्यातच, म्हणजे शहराच्या कारभाराच्या वाड्यातच, मुक्काम करत. ज्याची करथकबाकी असेल त्याची चिठ्ठी निघूनही बाजूला ठेवली जाई. सहकारी संस्थेच्या निवडणुकीत थकबाकीदाराचा अर्ज बाद होताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही तरतूद वेगळी समजावून सांगावी लागत नाही. न्यायनिवाड्यासाठी मात्र पोदेस्ता हा अधिकारी मुद्दाम परक्या शहरातून आणत, म्हणजे त्याला गावात सोयरे-धायरे नसत.

आता यादीबाहेरच्यांकडे यावे. लोकर पिंजणाऱ्या, विंचरणाऱ्या मजुरांच्या श्रमावर लोकर संघ श्रीमंत झाला होता. त्यांच्यावर हुकूम संघाचा चाले, पण त्यांना स्वतःचा संघ काढण्याची मनाई होती. आपल्या हमालांना संचालक मंडळात एक जागा तरी असते, यांना तीही नव्हती. जुलै 1378 मध्ये हे 'चोम्पी' मजूर उठले, त्यांनी राजवाडा ताब्यात घेतला आणि तीन नवे संघ मान्य करून घेतले. चोम्पींचा स्वतःचा संघ काही आठवड्यांतच मोडण्यात आला आणि उरलेले दोन 1382 मध्ये रद्द झाले. दहा गुणांच्या उत्तरात ही घटना शेवटच्या ओळीत कोंबू नये. एकवीस संघांचा उल्लेख येईल तेथेच ती लिहावी आणि 'लोकशाही' हा शब्द वापरायचाच असेल तर तो त्यानंतर वापरावा.